न कापलेला सामना

मी दीप्ती. बिरवाडीत नाक्याजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि थंडीत कबड्डीचे सामने सुरू झाले की मी माइक हातात घेते. दिवसभर ब्लाउजच्या बाह्या जोडणारी बाई मैदानात "काय ती पकड, काय ती पकड!" म्हणून घसा फोडते, याचं लोकांना अजून नवल वाटतं. वाटू दे. एवढा आवाज देवानं काही मला बाह्या जोडायला दिलेला नाही.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, अक्षदाबद्दल. माझ्या शेजारचा गाळा तिचा. कारखान्यातल्या पोरांचे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, बारशाचे व्हिडिओ आणि वर्षभरापासून कबड्डीचं लाइव्ह प्रक्षेपण. मूळची पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची. वडील हैबतीकाका मुंबईला एका इमारतीत लिफ्टमन, राहतात गावकीच्या खोलीत, वाडीतल्याच दहा-बारा माणसांबरोबर. आई आवडीकाकू वाडीवर नाचणी बघते. धाकटी बहीण सलोनी कॉलेजसाठी अक्षदाकडे राहते आणि कॉलेजपेक्षा जास्त कबड्डी खेळते.

अक्षदाचं लग्न व्हायचंय. त्यामुळे वाडीवर गेलं की प्रत्येक म्हातारी एकच विनोद करते, "अक्षदा गो, तुझ्या अक्षदा कवा पडायच्या?" विनोद करणारीला तो दर वेळी नवा वाटतो. अक्षदा हसते आणि पुढे चालू लागते. मी असते तर कधीच कुणाला तरी चार शब्द सुनावले असते.

तिचा कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडलाय. कॅबिनेट एका ठिकाणचं, मेमरी दुसरीकडची, मदरबोर्ड कुणीतरी वापरून टाकलेला. जोडणी माझ्या कापड बेतायच्या टेबलावर झाली आणि तोवर मला शिंकायचीसुद्धा बंदी होती. त्या मदरबोर्डच्या मागचे दोन्ही वेगवान यूएसबी पोर्ट आधीच मेलेले होते. हे माहीत असूनही तिनं तो घेतला. "वर डोक्यावर एक निळा पोर्ट आहे ना ताई, तो वेगवान आहे. मला एकच पुरे," म्हणाली. मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि तिनं लगेच पंख्याचा आवाज ऐकायला कान लावला.

तिचा एक नियम आहे. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कालवणातसुद्धा तेच. आज मीठ वाढवलं तर तिखट आज वाढवायचं नाही, नाहीतर चव कशानं बदलली ते कळणार कसं? मला असल्या माणसांचा भयंकर राग येतो. मी शिलाई मशीन अडलं की आधी थापट मारते, मग तेल घालते, मग सुई बदलते, आणि चालू झालं की विषय संपला.

तर झालं असं. सलोनीची लांबच्या एका कबड्डीच्या वसतिगृहात निवड झाली. राहणं, जेवण, सराव सगळं तिथंच. होकार सोमवारी कळवायचा होता. पोरगी आनंदानं वेडी झालेली, पण हैबतीकाका अडून बसले. स्वतः एके काळी वाडीचे नावाजलेले खेळाडू, पण लेकीचा खेळ त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. कधी सामना असायचा तेव्हा सुट्टी नसायची, कधी सुट्टी असायची तेव्हा सामना नसायचा. अक्षदानं रेकॉर्डिंग पाठवते म्हटलं तर फोनवर उसळले.

"तुम्ही कापून दाखवाल! पडली तेवढं काढाल न् पकड तेवढी ठेवाल. मी काय लिफ्टात उभा ऱ्हातो म्हणून मला कळत नाय काय? जिती कबड्डी दाखवा, मग सांगतो हो का नाय."

दासगावच्या सामन्याला सलोनीच्या मैत्रिणीनं मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला होता. तेव्हा काकांनी विचारलं होतं, "या मुंग्या कशाला भांडतायत?" म्हणजे मोबाईल बाद. रविवारी नाते गावच्या मैदानावर सलोनीचा संघ खेळणार होता. काकांना सुट्टी नव्हती, पण दुपारी थोडी मोकळीक होती आणि गावकीच्या खोलीत मोठा टीव्ही होता. अक्षदाचं लाइव्ह नीट गेलं तर काका सामना बघणार, नाही गेलं तर सोमवारी नकार कळवायचा. इतकं साधं आणि इतकं भयंकर.

आणि नेमकं तेव्हाच मशीननं दगा दिला. कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक छोटी डबी लागते, कॅप्चर कार्ड म्हणतात. ती निळ्या पोर्टात लावली की गणपतीत झकास चालली होती. आता लावली तर चित्र अडकत होतं. खेळाडू मध्यरेषेवर दिसायची आणि एकदम बाहेर बसलेली दिसायची, मधली सगळी चढाई गायब. अक्षदानं स्क्रीनवर मला दाखवलं. डबी वेगवान तारेवर नव्हे, जुन्या सावकाश तारेवर चालत होती. निळा पोर्ट शेजारच्या सावकाश काळ्या पोर्टासारखा वागत होता.

मग तिचा तो नियम सुरू झाला. आधी केबल बदलली. तरी तेच. डबी दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावून पाहिली, तिथं उत्तम चालली, म्हणजे डबी निर्दोष. अपडेट काढलं, परत घातलं. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. मुंबईच्या सुट्या भागांच्या दुकानातल्या साहिलला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, आतली वायर ढिली असणार, खोलो और दबाओ." तिनं कॅबिनेट उघडलं, डोक्यावरच्या पोर्टाकडून मदरबोर्डला जाणारी जाड वायर काढली, तिच्या पिना एकेक करून तपासल्या, परत दाबून बसवली. मी मधेमधे थापट मारायचं सुचवत होते. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी तिनं वाडीवरून आलेल्या आईला विचारलं, "आये, गणपतीपासून या मशीनला कुणी हात लावला काय?"

आवडीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. दुखावल्याच एकदम. "नाय गो बाय. तूच बजावलंस ना, हात लावू नको? मी कशाला हात लावू त्या पेटीला?"

रविवारी आम्ही मिनीडोर रिक्षानं नात्याला निघालो. कॅबिनेट सीटवर, गोधडीत गुंडाळलेलं, आणि आम्ही तिघी कोंबून. सलोनी संघाबरोबर पुढे गेली होती. अक्षदा दोन्ही हातांनी कॅबिनेट धरून बसली होती. तिच्याजवळ आता बदलायला काही उरलं नव्हतं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी रडू येत होतं.

मैदान गच्च भरलेलं. माती ताजी चाळलेली, चुन्याच्या रेषा कोऱ्या, पोरी अंग गरम करतायत, ढोल वाजतोय. मला एरवी असं मैदान बघितलं की पाय शिवशिवायला लागतात. अक्षदानं मंडपात टेबलावर सगळं मांडलं आणि लाइव्ह सुरू केलं. आधीचा सामना संपत आला होता. तिचा फोन वाजला. हैबतीकाका. तिनं स्पीकरवर टाकला.

"अक्षदा, सगळं चिकटलंय गो! एक पोरगी मघापासनं एकाच पायावर उभी हाय. सलोनी कुठली त्यातली?"

"बाबा, तिचा सामना पुढचा आहे. थांबा जरा."

"थांबतो. पण मला परत ड्युटीवर जायचं हाय."

तिनं फोन ठेवला. मला राहवेना, मी सरळ म्हणाले, "आता तरी मार थापट!" तेवढ्यात आवडीकाकू पदर खोचून पुढं आल्या. हातात ताट. हळद, कुंकू, नारळ, अक्षदा.

"आये, आता हे नको!" अक्षदा ओरडली.

"अगो, हात नाय लावत," काकू म्हणाल्या. "दसऱ्याला तुझ्याकडं आले तवा लांबनं केली तशीच करते. कोयता पुजला, नांगर पुजला, तुझी पेटी बिनपुजेची ठेवू काय?" आणि लग्नात टाकतात तशा चिमूटभर अक्षदा त्यांनी दोन हात लांबून कॅबिनेटवर टाकल्या.

दाणे कॅबिनेटच्या डोक्यावर टपटपले. काही खाली सांडले. एक उडाला, घरंगळला आणि काळ्या पोर्टाच्या काठावर जाऊन डुलत राहिला.

अक्षदा त्या दाण्याकडे बघत राहिली. मग तिनं निळ्या पोर्टातला प्लग अंगठ्यानं दाबला. डोळे अगदी जवळ नेले. "ताई, हा पूर्ण आत बसलेला नाही. बघ, जरासं पत्र्याचं चकाकतंय बाहेर." मला काही दिसलं नाही, पण मी हो म्हणाले. ती भराभर बोलायला लागली. "या पोर्टात जुन्या चार तारा आणि वेगाच्या पाच तारा. प्लग जरा कमी आत गेला तर जुन्या जुळतात, काम चालू होतं, पण वेगाच्या जुळतच नाहीत. म्हणून तर पोर्ट वरून बरा दिसत होता! मी काय काय बदललं ते शोधत बसले, आणि बदललं होतं आयेनं!"

"मी हात नाय लावला!" काकू.

"नाय लावलास आये, नाय लावलास. दसऱ्याची अक्षदा अजून आत बसली आहे. मशीन बंद करते. ताई, मला थोडा वेळ काढून दे. कसाही!"

कसाही म्हणजे? त्या मैदानावर वेळ काढायचा एकच मार्ग होता. मी माइक धरला आणि जाहीर केलं की पुढच्या सामन्याआधी मान्यवरांचा सत्कार होईल. सत्कारांवर मी स्वतः आजवर इतकी करवादलेय की आयोजक माझ्याकडे बघतच राहिले. शाल कुठून तरी आली. श्रीफळ नव्हतं, तर मी काकूंच्या ताटातला नारळ उचलला. सरपंचांचा केला, पंचांचा केला, मैदानाला माती देणाऱ्याचा केला, प्रत्येक वेळी तोच नारळ हळूच परत घेऊन. प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. मी मातीच्या गुणांवर बोलू लागले.

इकडे अक्षदानं वीज तोडली आणि आईपुढे हात केला. काकूंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. ती पिन पोर्टाच्या कडेनं हलके हलके फिरत होती, आणि मी माइकवर काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. मग तिनं हात वर केला. पिनेच्या टोकावर कुंकवानं लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा. दुसरा अर्धा तिनं कॅबिनेट उलटं धरून तळहातावर पाडला.

मशीन चालू झालं. प्लग आत गेला आणि टक्कन आवाज आला. एवढा छोटा आवाज, पण मी सांगते, मी तो माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकवायला हवा होता. पडद्यावर सरपंच शालीसकट वाहत्या पाण्यासारखे चालताना दिसले. "सत्कार संपले!" मी किंचाळले. "उतरवा संघ मैदानात!"

लगेच फोन. "आता दिसतंय! अगो, समदं दिसतंय! डाव्या कोपऱ्यात ती आपली सलोनी ना? वेणी आयशीसारखीच!" त्यांच्या मागे अख्खी खोली ओरडत होती.

सामना मी सांगितला, पण मला आजही तो सलग आठवत नाही. एवढं आठवतं की समोरच्या संघात एक धिप्पाड चढाईपटू होती. सलोनी तिच्या घोट्याला गेली, आणि त्या मुलीनं तिला मध्यरेषेपर्यंत तशीच फरफटत नेली. सलोनी तोंडावर आपटली. ओठ फुटला. बाद. मी अक्षदाकडे पाहिलं. तिचं बोट माउसवर होतं, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याकडे, म्हणजे नुसत्या गुणफलकाकडे, वळवायला एक टिचकी पुरे होती. मी मनात म्हणत होते, वळव, वळव गं! तिनं माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. सगळं तसंच गेलं, माती थुंकणारी सलोनीसुद्धा.

काही वेळानं सलोनी परत आत आली. तीच धिप्पाड मुलगी चढाईला आली, आणि आमचं येडं परत त्याच घोट्याला गेलं. या वेळी सोडलं नाही. बाकीच्या तिघी धावून आल्या आणि मातीचा असा धुरळा उठला की मी "पकड!" हा एकच शब्द किती वेळा ओरडले देव जाणे. सामना मात्र आम्ही थोडक्यात हरलो.

शेवटची शिट्टी झाली आणि फोन वाजला. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो. उचलायची हिंमत कुणाची होईना. शेवटी काकूंनी उचलला.

"हरली," हैबतीकाका म्हणाले.

"व्हय," काकू म्हणाल्या.

"तोंडावर पडली. रगात आलं. न् परत त्याच पायाला गेली." त्यांच्या मागे खोलीतला गलका. "अक्षदा हाय काय तिथं?"

"आहे बाबा."

"तू हे कापलं असतंस तर मला काय कळलं असतं? ती पडल्याचं बघितलं म्हणून तर कळलं पोरगी काय हाय ती." मागून कुणीतरी त्यांना ड्युटीची हाक मारली. "उद्या हो कळव. जाऊ दे तिला. न् तुझं ते मशीन… बेस हाय."

अक्षदा टेबलाखाली बसून वायरी गुंडाळायला लागली. मी माइकची वायर तिच्याकडे सरकवली.

काकू ताट घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी कॅबिनेटकडे पाहिलं, पण त्याच्यापासून दोन पावलं मागं सरकल्या. मग वाकल्या आणि उरलेल्या सगळ्या अक्षदा टेबलाखालच्या लेकीच्या डोक्यावर टाकल्या.

"आता इथंच टाकायच्या," त्या म्हणाल्या. "हिच्या डोक्याला भोक नाय."