पन्नास ग्रॅमचा देव

आमच्या ह्यांना अख्खं कोपरखैरणे मिलिग्राम म्हणतं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंसुद्धा. मी वैजयंती, ह्यांची बायको. तेहतीस वर्षं ह्यांच्या काट्यावर उभी आहे, तेव्हा मी सांगेन ते अगदी मापात असेल अशी अपेक्षा ठेवू नका. थोडं वरचढच सांगेन.

नाव नंदकिशोर साठम. पावण्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत वजनकाटे तपासायची नोकरी. गोळीत किती औषध पडतं ते ज्या काट्यावर ठरायचं, तो काटा खरं बोलतो की नाही हे रोज सकाळी हे ठरवायचे. कंपनीत ते ठीक होतं हो, पण माणूस संध्याकाळी घरी येतो ना! चहात साखर चार ग्रॅम. पोहे माणशी साठ. भाजीवाल्याकडून पाव किलो मिरची आणली की खिशातल्या छोट्या काट्यावर ती पुन्हा तोलायची, आणि सात ग्रॅम कमी भरली तर उन्हातान्हात परत जायचं. बरं, सात ग्रॅम जास्त भरली तरी परत जायचं! भाजीवाला हात जोडायचा, काका, राहू द्या, तुमच्याच घरात गेली ना. ह्यांचं उत्तर ठरलेलं, की चूक ती चूक, ती कोणाच्या बाजूची आहे ते बघायचं नसतं. शेवटी तो भाजीवाला ह्यांना लांबून पाहिलं की उगाचच फोन कानाला लावायला लागला.

दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. निरोपाला काय देऊ म्हणून साहेबांनी विचारलं, तर ह्या गृहस्थांनी भिंतीवरचं घड्याळ नाकारलं आणि कंपनीतलं जुनं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन मागून घेतलं. वर धरायला छोटीशी गाठ, तळाला वाटीसारखा खळगा, आणि ठेवायला लाल मखमलीची डबी. त्याला बोट लावायचं नाही, बोटाच्या घामानंसुद्धा वजन वाढतं म्हणे. डबी उघडण्याआधी हात धुवायचे, चिमट्यानं उचलायचं, चिमट्यानंच ठेवायचं. मी एवढी लग्नाची बायको, पण मला कधी इतकं जपून उचललेलं आठवत नाही.

पण खरं सांगते, रिटायर झाल्यावर माणूस खचला. कोणाचा फोन नाही, कोणी काही विचारत नाही. माझ्या चपात्या तोलायला लागले तेव्हा मी भांडले. मग तेही सोडलं आणि नुसते खिडकीत बसायला लागले, ते मला जास्त लागलं.

अशात एका सोमवारी बोनकोड्याची गोजराबाई सुनेला घेऊन आली. बोनकोडे म्हणजे आमच्या सेक्टरच्या पोटातच असलेलं जुनं गाव. तिथं गोजराबाईची तीन मजली चाळ आहे, भाडेकरू आहेत, पण बाई ओळखली जाते ती आगरी मसाल्यासाठी. अख्ख्या गावाचं कालवण तिच्या मसाल्यावर शिजतं. दाराशी येणाऱ्या बाईला ती मसाला तोलून देते आणि काटा बरोबर झाला की वर एक चिमूट टाकते. वरची चिमूट टाकली नाही तर त्या मसाल्याला चव येत नाही, असं तिचं म्हणणं. आमचे हे तिच्याकडून मसाला आणायला माझ्याबरोबर कधीच येत नाहीत, त्याचं कारण ही चिमूट.

तिची सून सुचिता शिकलेली. तिनं इन्शुरन्सच्या ऑफिसातली नोकरी सोडून मसाल्याच्या पुड्या भरायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतलं. वर मसाल्याची टाकी, आत फिरता स्क्रू, नळीतून मसाला वाटीत पडतो, वाटीखाली काटा, दहा ग्रॅम झाले की थांबतो. निदान थांबायला हवा. घरी शिजवायच्या जेवणाचं मोजून भरलेलं सामान डब्यातून विकणाऱ्या एका कंपनीला तिच्या दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या हव्या होत्या. दशांश ग्रॅम इकडे की तिकडे, त्याहून जास्त फरक चालणार नाही, ही अट. सुचिताच्या पुड्या कुठे साडेनऊ, कुठे अकरा. दोनदा माल परत आला. आता शनिवारी कंपनीचा माणूस स्वतःचा काटा घेऊन येणार होता आणि या वेळी चुकलं तर ऑर्डर दुसऱ्याला. नोकरी गेलेलीच होती, आता यंत्रही अंगावर पडणार. सांगता सांगता सुचिताचे डोळे भरले.

ह्यांनी ऐकलं आणि ताठ बसले. दोन वर्षांनी पाठीला कणा आला. म्हणाले, "चाळीस वर्षांत माझा काटा चुकलेला नाही. शनिवारी तुमची प्रत्येक पुडी दहाची निघेल, हा माझा शब्द." आणि खिशातला काटा त्याच दिवशी वजनावर तपासून, मंगळवारी डबी घेऊन गेले.

गेल्या गेल्या डोक्यावरचा पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं वाटी हलते. टेबल डगडगत होतं, त्याच्या पायाखाली फरशीचा तुकडा घातला. यंत्र चालू करून अर्धा तास नुसतं तापू द्यायचं, तोवर कोणी हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या वाटीला मसाला चिकटतो म्हणून स्टीलची आणली. तरी गोंधळ होताच, कारण आगरी मसाला तेलकट, नळीच्या तोंडाशी त्याचे गोळे होतात आणि शेवटी एक गोळा धपकन पडतो. हे उठले, नाक्यावरच्या रसवंतीतून उसाच्या रसाची जाड स्ट्रॉ आणली, तिचा बोटभर तुकडा तिरपा कापून नळीत बसवला. मसाला बारीक धारेनं पडायला लागला. मग डबीतलं वजन ठेवून यंत्राला पन्नास म्हणजे किती ते शिकवलं. संध्याकाळी खिशातल्या काट्यावर वीस पुड्या तोलल्या, वीसच्या वीस दहा. गोजराबाईनं ह्यांना चहा दिला आणि ह्यांनी साखर न मोजता तो प्यायला. घरी येऊन हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

डबी आता शनिवारपर्यंत तिथंच राहू दे, रोज सकाळी लागेल, नीट जागी ठेवा, असं सांगून आले होते.

बुधवारी नऊला गेले, वजन ठेवून यंत्र लावलं, पुड्या तोलल्या. सगळ्या १०.०५. ठीक, चालण्याजोगं. गुरुवारी १०.१०. शुक्रवारी १०.१५. सगळ्या सारख्याच, पण सगळ्या जास्त, आणि रोज त्याच चालीनं पुढे. हे वेडेपिसे झाले. खाडीची दमट हवा म्हणाले. गल्लीतल्या गिरणीचा हादरा म्हणाले. गिरणीवाल्या अंकुशला जाऊन शुक्रवारी दुपारभर गिरणी बंद ठेवायला लावली, त्यानंही बिचाऱ्यानं ठेवली. स्क्रू उघडून धुतला, नळी बदलली, स्ट्रॉ बदलली. सुचितानं हळूच विचारलं की काका, वजन एकदा तपासायचं का, तर तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी परत पुड्या भरायला वळली. काटा वजनावर तपासतात, वजन काट्यावर नाही, हे ह्यांचं तत्त्व.

शुक्रवारी जेवले नाहीत. ताटावरून उठताना म्हणाले, "वैजू, मला आता येत नाही बहुतेक." तेहतीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. टोमणा जिभेवर तयार होता, तो गिळला.

शनिवारी सकाळी पाहते तर चष्मा घरी नाही, आदल्या दिवशी तिथंच विसरलेले. ह्यांची आंघोळ व्हायची होती. म्हटलं आपणच आणू, आणि आठला बोनकोड्यात पोचले. दार उघडंच. गोजराबाई देव्हाऱ्यासमोर बसलेली. खंडोबा, एकवीरा, आणि दोघांच्या मध्ये लाल मखमलीची डबी, उघडी. बाईनं चुलीतला सांडशीसारखा चिमटा हातात धरला होता आणि आमच्या पन्नास ग्रॅमला उलटं करून तळाच्या खळग्यात तेलात कालवलेलं कुंकू आणि चार अक्षता दाबून भरत होती. मग सुलटं करून डबीत ठेवलं, वरून पदर फिरवून लख्ख पुसलं आणि हात जोडले.

अगं बाई! मी तिथंच दाराला टेकले. हसू की रडू कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. यंत्र बिचारं खरं बोलत होतं. त्याला पन्नास म्हणून दाखवलेलं वजनच रोज थोडं थोडं फुगत होतं.

मला पाहून गोजराबाई दचकली. मी विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाली, "सायबांनी सांगला, हातान धराचा नाय. हात धुवाचं. मखमलीन ठेवाचा. मंग मना वाटला देवच हाय. कुंकू रोज पायालाच लावलंय वयनी, वर नाय, सायेब रागावतील म्हनून."

यात तिचं काय चुकलं सांगा. ह्यांनी जे जे केलं ते देवाचंच केलं होतं. तिनं फक्त कुंकू लावलं.

नऊला हे आले. चेहरा पडलेला, दाढीसुद्धा केली नव्हती. कंपनीचा माणूस बाराला येणार होता. सुचिता यंत्रापाशी उभी, गोजराबाई स्वयंपाकघराच्या दाराआड. मी चष्मा ह्यांच्या नाकावर चढवला, डबी उघडली आणि ते वजन सरळ हातानं उचललं. "वैजू! चिमटा!" असे ओरडले की शेजारचं पोर रडायला लागलं. मी त्यांचा हात धरला, तळवा उघडला आणि वजन त्यावर उलटं ठेवलं. खळगा लालभडक.

मी सगळं सांगितलं, गोजराबाईचं वाक्यसुद्धा. आणि तो टोमणा, शुक्रवारी गिळलेला, आता मारलाच. म्हटलं, "अख्खी गिरणी बंद पाडलीत, पण ह्याच्यावर शंका घेतली नाहीत. तिनं नुसतं कुंकू लावलं, खरी पूजा तुम्हीच करताय."

मला वाटलं आता फुटतील. हे खाली बसले, दाढीतून हात फिरवला आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गोजराबाईला बाहेर बोलावलं, काडीनं कुंकू कागदावर उकरून काढलं आणि खिशातल्या काट्यावर तोललं. एक ग्रॅम भरलं. पन्नासाला एक म्हणजे दहाला शून्य पॉइंट दोन, आज पुडी तेवढीच जास्त भरली असती, म्हणाले, आणि तो कागद तिच्या हाती देऊन सांगितलं, देवाचं आहे, देवालाच वाहा. वजन पुसलं, यंत्र पुन्हा शिकवलं. पुडी दहा. दुसरी दहा. बारा वाजता कंपनीच्या माणसानं शंभर पुड्या तोलल्या आणि एकही बाजूला काढली नाही. सुचिता सगळ्यांसमोर ह्यांच्या पाया पडली, तेव्हा ह्यांना कुठे बघावं कळेना.

रविवारी गोजराबाई घरी आली. मसाल्याची एक पिशवी, किलोची, साहेबांना. ती गेली तसा ह्यांनी सवयीनं ओट्यावरचा मोठा काटा ओढला आणि पिशवी ठेवली. एक किलो वीस ग्रॅम. मी कढईत तेल घालता घालता थांबले. म्हटलं, निघाले आता बोनकोड्याला वीस ग्रॅम परत करायला.

ह्यांनी चष्मा सारखा केला, आकडा पुन्हा वाचला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"बरोबर आहे," म्हणाले.