पुडीतलं पीठ

इंदू, पत्रातूनच का होईना, सरक बाई जवळ, आणि आधी माझी बोलणी खा. धुळ्याच्या दवाखान्यात नोकरी करतेस, चार बायका तुझं ऐकतात, आणि तू त्यांना माझीच गोष्ट सांगत सुटतेस? गरिबाला औषध परवडलं पाहिजे, आमच्या पहूरच्या अक्कांनी माझ्या आईला फुकट कोयनेल दिलं होतं—असं सभेत म्हणालीस म्हणे. आमच्या माधवनं परवा येऊन सांगितलं, मोठ्या कौतुकानं. कोणाला विचारून सांगितलंस गं?

आता लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही—ते गेले, तरी नाही.

आता जर्मनाची दुसरी लढाईही संपली; ही गोष्ट पहिलीतली. तू तेव्हा कडेवरची. यांची शाळा, आणि गावचं पोस्टही यांच्याकडेच, आमच्या ओसरीत. हे शाळेत गेले की खिडकीशी मी बसायची. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पाकिटांवरचे पत्ते वाचत वाचत अक्षर शिकले. त्या पोस्टात हिवतापासाठी कोयनेलच्या सरकारी पुड्या मिळायच्या, पैशाला एक. जळगावच्या दुकानातलं औषध मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ही सोय. आणि सोय चांगली होती—बिघडवली ती मी.

पाऊस सरला की वाघूर नदीच्या डबक्यांवर डास माजायचे, घरोघर हीव भरायचं. खिडकीशी गर्दी. "पुडी शे का वं अक्का? बठ्ठं घर पडेल शे!"—सगळं घर तापानं आडवं. आणि लढाईमुळे माल पुरेसा येईना. एखादीला परत पाठवलं की ती जाता जाता टोमणा मारायची, "तुमना घरमा तं शे ना!"

मग मी काय केलं? घरात पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी वाढवतो ना, तेच केलं. दादर ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ केलं—पांढरंशुभ्र. पुड्या उघडून त्यात ते मिसळलं, आणि एकीच्या दोन केल्या. एक सरकारी कागदात, पैशाला. दुसरी साध्या कागदात, ज्याच्याकडे तो पैसाही नाही त्याला फुकट. जिभेवर ठेवून पाहिली—कडू ती कडूच. लोकांची परीक्षाही तीच होती, तोंड वाकडं झालं की औषध खरं! पैशाला मी हात लावला नाही. पण बायका तोंडभर दुवा द्यायच्या, ते मला फार आवडायचं.

तू म्हणशील, अक्का, हे अडाणीपणानं झालं, चांगल्या मनानं झालं. थांब. मीही इतकी वर्षं स्वतःला इथपर्यंतच सांगत आले.

पीठ मिसळायला बसण्याआधी मी थोड्या पुड्या बाजूला काढायची. न उघडलेल्या. लोणच्याच्या बरणीमागे ठेवायची—माधवसाठी, माझ्या पोटच्या पोरासाठी. अर्ध्या पुडीनंही ताप जातो असं मला खरंच वाटत होतं, तर त्या कशाला लपवल्या? सांग ना. मला ठाऊक होतं, इंदू.

तुझी आई गिरजा कापूस वेचायला जायची. वेचणीच्या दिवसांतच तिला तापानं धरलं. साध्या कागदातली पुडी मीच दिली. तिनं गुळात गिळली, तोंड वेडंवाकडं केलं आणि हसली—"जहर शे वं अक्का, आते मी बरी व्हसू!" ताप उतरला, पुन्हा चढला. पुन्हा पुडी, पुन्हा तेच. मधल्या काळात माधवलाही हीव भरलं. त्याला बरणीमागची दिली. तो उठून खेळायला लागला.

त्यानंतर तुझी आई आली, तुला कडेवर घेऊन, भिंत धरत. कुणाकडून तरी पैसा मागून आणला होता. तिला वाटलं, फुकटातली पुडी हलकी असणार. "आज पैसा शे मन्हाजोडे, सरकारी दे." मी तिचा पैसा घेतला आणि सरकारी कागदातली पुडी तिच्या हातावर ठेवली. त्यातही पीठच. चांगल्या पुड्या आत होत्या, उठायचाच काय तो अवकाश. उठले नाही. माधवचा ताप परत आला तर—एवढंच डोक्यात.

पुढच्या बाजाराआधी ती गेली. पुऱ्या औषधानं वाचली असती का? मला माहीत नाही, आणि त्या माहीत नसण्याच्या आडोशाला मी उभी राहणार नाही. तुमच्याकडे बसायला गेले, तर तुझ्या आजीनं माझे हात धरले—तुम्ही केलं तेवढं कोणी केलं नाही, म्हणाली. मी ऐकून घेतलं. तीच गोष्ट तिनं तुला सांगितली, आणि तू सभेत.

पीठ मिसळणं मी त्या दिवसापासून सोडलं. पण ज्यांच्या घरात तसल्या पुड्या पडून होत्या, त्यांना सांगितलं नाही. यांचं पोस्ट जाईल ही भीती—आणि माझं नाव जाईल, ही त्याहून मोठी.

माफी मागत नाही. ती द्यायला गिरजा नाही.

तू ये. दिवाळीची वाट पाहू नकोस, पाचोऱ्याहून गाडी आहेच. आत यावंसं वाटलं नाही तर अंगणात उभी राहा, मी बाहेर येईन.