कोपरापर्यंतचे हातमोजे

आमच्या दवाखान्यात कचऱ्याला जितका मान मिळाला, तितका एकाही पेशंटला मिळाला नाही. वणीहून झरीकडे जाताना लागणारा तो सरकारी दवाखाना. मी तिथे सिस्टर होते. कापूस बुडायची ती वर्षं. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेची माणसं येत राहायची. खाटा संपल्या की खाली सतरंजीवर. सलाइनला स्टँड पुरत नसत, म्हणून बाटल्या खिडकीच्या गजांना बांधायच्या. आणि अशात परदेशातून मदत आली, ती कचऱ्यासाठी.

पिवळ्या, लाल, निळ्या बादल्या आल्या. कोणत्या बादलीत काय टाकायचं याचा चित्रांचा तक्ता आला. कचऱ्यातले जंतू मारणारं एक यंत्र आलं; ते चालवायला जेवढी वीज लागायची तेवढी अख्ख्या गावाला मिळत नव्हती. आणि जाड रबरी हातमोज्यांचं एक खोकं आलं. कोपरापर्यंत येणारे, सुई आत जाणार नाही असे. आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी त्यातली एक जोडी काढून मावशीला दिली आणि खोकं कुलपात घातलं. मदत देणारे पाहुणे बघायला येणार होते, त्यांना ते भरलेलं दिसायला हवं होतं.

मावशी आमची सफाईवाली. वॉर्डातला सगळा कचरा तिच्याच हातून जायचा, आणि सुया टोचून टोचून तिच्या बोटांची चाळण झाली होती. तिने ती जोडी जेमतेम एक दिवस वापरली आणि घरी नेली. तिचा एकुलता एक मुलगा रोजीने लोकांच्या कपाशीवर फवारायला जायचा. मी रागावले.

"मले सुईच टोचते ना सिस्टर," ती म्हणाली, "त्याचा त जीव जाईन. रोज पाहून राह्यली ना मी इथं."

मी पुढची बाटली गजाला बांधायला गेले.

पोराला हातमोजे फार आवडले, असं ती कौतुकाने सांगायची. आधी तो ड्रममधलं औषध पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीने ढवळायचा. इकडे सगळे औषधच म्हणतात, विष कोणी म्हणत नाही. आता काडी शोधत फिरायला नको. हात कोपरापर्यंत घातला, फिरवला, की काम झालं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच साहेब मावशीवर खेकसले.

"हातमोजे कुठायत?"

"पोरापाशी हायेत साहेब. वावरात गेला तो."

"साहेब, आजच्यापुरती खोक्यातली दुसरी जोडी द्या की," मी म्हटलं.

"खोक्याला हात लावायचा नाही. ड्रायव्हरला पाठवा वावरात."

रात्री-अपरात्री अडलेल्या बाईसाठी जिला कधी डिझेल नसायचं, ती अँब्युलन्स हातमोजे आणायला गेली. ड्रायव्हरने ते पोराच्या हातांतून अक्षरशः उतरवून आणले.

पाहुण्यांमध्ये एक बाई होती, हसतमुख. तिने मावशीला पिवळ्या बादलीशेजारी उभं केलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि फोटो काढला. मग नाकाला रुमाल लावून हातमोज्यांकडे बघत विचारलं, हा कसला वास?

"फिनाइल," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीही लाजून हसली, ते हसणं मला आजही सहन होत नाही.

संध्याकाळी अँब्युलन्स पाहुण्यांचं सामान पोचवायला यवतमाळला गेली होती. म्हणून पोरगा आला तो मोटरसायकलवर, दोघांच्या मधे दाबून बसवलेला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. उजवा हात कोपरापर्यंत लालबुंद.

"काडी नाई घेतली जी त्यानं," आणणारा सांगत होता. "सवयीनं हातच घातला डरममंदी. आन् दिवसभर तसाच फवारत राह्यला."

इंजेक्शनं दिली, नळी घातली, गजाला बाटली बांधली. मावशी पायथ्याशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

खाट लगेच हवी होती, खाली तिघे वाट बघत होते. साफ करायला दुसरं कोणी नव्हतं. मी नको नको म्हणत असताना मावशी उठली. पोराच्या नाकातली नळी, फेस पुसलेले बोळे, सगळं तिने तक्त्याप्रमाणे बरोबर टाकलं. मग हातमोजे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सिस्टर, हे कोन्त्या बादलीत टाकू?"

मी तक्त्याकडे पाहिलं. त्यात हातमोज्यांचं चित्र होतं, पण औषध प्यायलेल्या हातमोज्यांचं नव्हतं. पिवळीत टाक, म्हटलं.

"टाकू नको," दारातून साहेब म्हणाले. "धुऊन ठेव. तुलाच लागतील."

त्या माणसाचं तोंड त्याच बादलीत बुडवावं असं मला वाटलं. मावशीने मात्र मान हलवली. नळाखाली हातमोजे उलटे-सुलटे करून धुतले, आणि पोराची बाटली सोडली होती त्याच गजावर वाळत घातले.