पहिली भाकरी

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी, वसईतल्या त्या लहानशा सरकारी रुग्णालयात मोठे डॉक्टर बाळंतपणात अडकले आणि टाके घालायचं काम माझ्या अंगावर पडलं.

समोर खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी बसली होती. भात कापताना विळा लागून तळहात फाटला होता. काष्टा आवळलेला तसाच, शेतातून सरळ आली होती. भुलीचं इंजेक्शन मी कसंबसं दिलं, पण टाक्याची सुई जखमेपर्यंत नेऊन दोनदा मागे घेतली. तिने ते पाहिलं. जखमी हात माझ्यापुढे ठेवून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"भीती वाटते का, आजी?"

"मना कसली भीती? आमच्यात नवी सून पयली भाकरी थापते ना, तवा कोनी बगत नाय. बगितला का मोडते. तू तुजा काम कर, बाय."

कोणी बघत नाही म्हटल्यावर हात आपसूक चालू लागला. शेवटची गाठ बसली आणि मी केवढा तरी श्वास सोडला. तिने वळून तळहात उजेडात धरला आणि हसली.

"फुगली गो, भाकरी!"

पुन्हा ती कधी दिसली नाही. आता माझ्या हाताखाली कुणी नवी डॉक्टर पहिला टाका घालायला बसली, की मी खिडकीबाहेर बघत उभी राहते.