अळूची भाजी आणि कोर्टातली फाईल

आमच्या घरमालक काकांइतका भित्रा माणूस साऱ्या इंग्लंडात नसेल, आणि दुसऱ्याला धीर द्यायला त्यांच्याइतका तत्परही कुणी नसेल. ईलिंगच्या त्यांच्या घरात वरची छोटी खोली मी भाड्यानं घेतली होती. काका मूळचे पुण्याचे. इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून उभी हयात गेली, बायको मागेच वारली, आणि आता घरात ते, मी आणि त्यांची भीती असे तिघं राहायचो. कौन्सिलकडून तपकिरी पाकीट आलं की ते उघडायची त्यांची छाती नव्हती. ते पाकीट सरळ फ्रिजमध्ये, भाजीच्या खणात जायचं. "आधी थंड होऊ दे, मग बघू." मला कोथिंबीर काढताना कितीदा कौन्सिल टॅक्स हाताला लागलेला आहे. पैसे काढायच्या मशीनला ते सॉरी म्हणायचे. ट्रेन गाठायची तर आधीच्या दोन ट्रेन स्टेशनात उभं राहून डोळ्यांदेखत जाऊ द्यायचे, म्हणजे आपण लवकर आलोय याची खात्री पटे.

पण त्यांची खरी तऱ्हा स्वयंपाकघरात दिसायची. त्यांना जगातल्या शेकडो पदार्थांची कृती येत होती, आणि प्रत्येकाची अर्धीच. पेशंटला सुई टोचताना ते विचारायचे, "तुमच्या घरी सगळ्यात फक्कड काय होतं? कसं करता?" पेशंट सांगायला लागायचा, कांदा परतेपर्यंत यायचा आणि झोपायचा. त्यामुळे काकांचा शेफर्ड्स पाय, म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजतात तो, नुसत्या खिम्यावर थांबायचा, वरचा बटाटा कधी आलाच नाही, आणि केक भट्टीपर्यंत पोचायचाच नाही. "पुढचं कुणी सांगितलंच नाही ना," ते म्हणायचे. यावर त्यांची एक श्रद्धाही होती. कृती अर्धी टाकून झोपलेला माणूस उरलेली सांगायला उठतोच. डॉक्टर माणूस, पण हे अगदी मनापासून म्हणायचे.

मी नववीत शाळा सोडलेली. लग्न होऊन ब्रॅकनेलला आले, कॉम्प्युटरवाल्या नवऱ्याच्या मागून. दीड वर्षही धड निघालं नाही. त्यानं घटस्फोटाचा अर्ज टाकला, मी न वाचताच सही करून घर सोडलं, तो अमेरिकेला गेला, आणि शेवटचा कागद, ज्याला इथं डिक्री ॲब्सोल्यूट म्हणतात, तो कुठल्या पत्त्यावर गेला कुणास ठाऊक. मला त्याची गरजही वाटली नव्हती. पुढं आताचे हे भेटले, बस चालवायचे, हळू बोलायचे, आणि लग्नाचं ठरलं. रजिस्टर ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, पहिलं लग्न मोडल्याचा कागद कुठाय? मी म्हटलं, मोडलंय हो. त्या म्हणाल्या, तसं सगळेच म्हणतात, शुक्रवारपर्यंत कागद आणा. मी खोलीत येऊन विचार करायला लागले. घटस्फोट झाला हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी लग्नाची बाई आहे की मोकळी आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मोकळी नसताना दुसरं लग्न लावलं तर इथं तुरुंगात टाकतात, एवढं मात्र मला चांगलं ठाऊक होतं.

कागदाची नक्कल कोर्टात मिळते असं कळलं, पण ह्यांना रजा मिळेना. काका म्हणाले, "मी येतो. घाबरायचं काय त्यात?" हे म्हणताना त्यांनी मफलर उलटा गुंडाळला होता.

कोर्ट उघडायच्या कितीतरी आधी आम्ही त्याच्या दारात उभे होतो. काकांजवळ चटणी-सँडविचचा डबा, थर्मास, माझ्यासाठी जादा स्वेटर. आत गेल्यावर पिशवी तपासणाऱ्या पोरानं थर्मास उघडायला सांगितला तर काकांनी त्याला आपली सगळी औषधं सांगून टाकली. खिडकीमागे जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. मी माझं नाव सांगितलं, शालन, आणि नवऱ्याचं नाव, आडनाव, अर्जाचं साल. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळानं आल्या.

"सॉरी, लव्ह. तुमच्या नावाचं काही नाही."

"नीट बघितलंत?" काकांनी विचारलं आणि लगेच सॉरी म्हटलं.

"त्या गृहस्थाच्या नावाचा एक घटस्फोट आहे. वर्षही जुळतंय. पण बायको दुसरीच आहे."

दुसरी बायको. म्हणजे मला आणायच्या आधी याची एक होती? का माझ्याबरोबरच होती? मग माझं लग्न खरं का खोटं, आणि खोटं असेल तर मोडणार काय, आणि खरं असेल तर अजून तसंच आहे की. मी काकांकडे बघितलं. ते माझ्यापेक्षा पांढरे पडले होते. बाकावर बसले, मला शेजारी बसवलं, माझं मनगट धरून नाडी बघितली, मग स्वतःची बघितली.

"शालन, अळूची भाजी कशी करतेस?"

"काका, आत्ता?"

"आत्ताच. सांग."

मी सांगायला लागले. साउथॉलहून पानं आणायची, देठं सोलायची, हाताला तेल लावून चिरायचं. डाळ आणि दाणे आदल्या रात्री भिजवायचे. सगळं शिजवून, बेसन लावून घोटायचं. "आमच्याकडे लग्नात हीच असते. माझ्या लग्नात खारट झाली. सासूबाई तेवढ्यावरून रुसल्या, ताटातल्या तांदळात नाव लिहायलाही येईनात."

"कुणाचं नाव?"

"माझं. त्यांना शालन फार गावठी वाटायचं. मग नवऱ्याकडून अंगठीनं लिहवून घेतलं, शर्वरी. पण त्या नावानं मला हाक कुणी मारली? नवरा तर 'अगं' म्हणायचा. माझ्या पासपोर्टवरही..."

काका उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते रांग मोडून पुढे गेले, सगळ्यांना सॉरी म्हणत. "मॅडम, ती दुसरी बायको शर्वरी आहे का? तीही हीच आहे."

त्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मुलीचं नाव लग्नात बदलतात, आडनावच नव्हे, सगळंच, हे काकांनी त्यांना तांदळासकट समजावलं. "आणि हे मुलीला चालतं?" बाईंनी मला विचारलं. त्यांनी फाईल बाहेर आणली. आत आमच्या लग्नाचा दाखला होता, त्यावर दोघांचे फोटो. नाकात नथ, डोळे विस्फारलेले. बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या, "घाबरता अगदी तश्शाच." त्याखाली तो कागद होता, शिक्क्याचा. मी दोन वर्षांपूर्वीच मोकळी झाले होते, शर्वरी म्हणून.

पण शालनला तो कागद चालायला हवा होता. दोघी एकच आहोत असं मी शपथेवर लिहून द्यायचं, मोठ्यानं वाचायचं, मग ते फाईलला लागणार. इंग्रजीत, मोठ्यानं. "शपथ मी घेतली तर चालेल का?" काकांनी विचारलं. चालणार नव्हतं. बाईंनी कापडात गुंडाळलेली गीता काढली, आणि काकांनी कोर्टाच्या गालिच्यावर बूट काढले. मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. त्या अंगठ्याकडे बघत मी सगळं वाचलं. दोनदा अडखळले, थांबले नाही. बाईंनी शिक्का मारला तेव्हा डोळे काका पुसत होते.

लग्न झालं. काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, चुकलं तर काय म्हणून आधी पेपर नॅपकिनवर गिरवून. काही वर्षांनी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. मी दारापर्यंत गेले. भूल देणारी पोरगी हातावर शीर शोधत होती, आणि काका मला म्हणाले, "तुझी ती भाजी राहिली. घोटल्यावर काय?"

"ते उठल्यावर सांगेन."

शुद्धीवर आल्यावर नळी काढल्या काढल्या त्यांनी विचारलं, "चिंच कधी घालायची?" मी चिंच सांगितली, गूळ सांगितला, फोडणी सांगितली, आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं.

त्यानंतर दोन हिवाळे ते राहिले. तिसऱ्या हिवाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. फ्रिजच्या खणात दोन पाकिटं निघाली, चांगली थंड झालेली. आता अळू करते तेव्हा घोटून झालं की मी गॅस बारीक करते आणि जराशी थांबते. हे विचारतात, "काय गं, चिंच संपली का?" मी म्हणते, नाही, आहे. घालते हळूहळू.