निरोपाला दोघं

दोन बोटं वर करूनच सर वर्गात यायचे. नव्या पोरांना वाटायचं, दोन मिनिटांत सोडतील. कसलं काय! ती दोन बोटं म्हणजे दोन निरोपे. "एकट्यानं जमत नाई, राजेहो," हे त्यांचं पालुपद.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा शिपाई होतो आणि सर जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे बार्शीटाकळीचे. लग्न केलं नव्हतं, भाड्याच्या एका खोलीत राहायचे. एकदा गेलो तर घरात कप एकच. मला कप दिला, स्वतः बशीत घेतला. "दुसरा कप कावून आणू? येते कोन?" म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

एक पेशी दुसरीला सायटोकाइनच्या हाती निरोप धाडते, हा त्यांचा लाडका धडा. त्यासाठी मला वर्गात उभं करायचे. "हे दार," म्हणायचे. बारा वर्षं मी दार होतो, पगारात एक रुपया वाढला नाही! "बाहेरून निरोप आला. तो आत जात नाई, दाराले शिवते अन् थांबते. मंग दाराच्या आतल्या बाजूचं प्रथिन जागं होते, आतल्या निरोप्यांवर फॉस्फेटचा शिक्का मारते." शिक्का म्हणजे खडू. तो दोन पोरांच्या तळहातांवर चोळायचे. शिक्का बसला की दोघांनी हात धरायचे आणि जोडीनं टेबलापर्यंत जायचं. टेबल म्हणजे पेशीचं केंद्रक. तिथं जनुकाला सांगायचं, ऊठ, कामाला लाग.

एकदा निवडलेली दोन पोरं नेमकी सायकलीवरून भांडलेली. हात धरीनात. "राहू द्या. निरोप इथंच सडू द्या," म्हणून सर खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासानं धरले एकदाचे गाढवांनी हात. तोवर मी आपला दार होऊन उभा.

आमच्याकडे मयताचा निरोप एकट्यानं नेत नाहीत, दोघं जातात. दारात एकटाच माणूस दिसला तर घाबरायचं कारण नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्या वर्षांत कॉलेजात असे निरोप फार यायचे. कुणाचा बाप, कुणाचा काका. फवारणीचं औषध घरोघरी होतंच. फोन मी घ्यायचो, मग वर्गात जाऊन पोराला बाहेर बोलवायचं कामही माझ्याच गळ्यात. पहिल्यांदा माझे पायच उचलेनात. सर स्टाफरूममधून उठून आले. "चाल, दोघं जाऊ."

पुढं दरवेळी तसंच. पोराशी बोलायचे ते, मी नुसता शेजारी उभा. परत येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. खोटं कशाला सांगू, तो हात नसता तर मी नोकरी सोडून गेलो असतो.

एका सकाळी सर तासाला आले नाहीत. खोलीवर गेलो. खुर्चीतच गेले होते, मांडीवर तपासायचे पेपर. कधी गेले, कुणालाच माहीत नाही. मला फार रडू आलं. जवळची अशी एक बहीण, बार्शीटाकळीला. तिच्याकडे फोन नव्हता. मी म्हटलं, कुणीतरी चला माझ्यासोबत. ज्याला त्याला इथलीच कामं सुचली. "एका निरोपाले दोघं कशाले?" क्लार्क म्हणाला. माझं डोकं सणकलं. एकटाच एसटीत बसलो.

अकोल्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. बहीण म्हातारी होती. तुमच्या भाईंच्या कॉलेजातून आलो म्हणताच तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्या मागं पाहिलं, मग उंबऱ्यातून वाकून गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. कुणी नव्हतं.

"अकेलेच आए ना?" तिनं छातीवर हात ठेवला. "या अल्ला, मैं तो डरच गई थी. बैठो बेटा, चाय रखती."

मी खाटेच्या एका कडेला बसलो. आत ती स्टोव्हला पंप मारत होती.

"भाई कैसा है मेरा?" तिनं आतूनच विचारलं.

मी शेजारी पाहिलं. बोलायचं काम नेहमी सरांचं असायचं.