खात्रीची विशेषणं

"तुमच्या घरी सगळंच बहुतेक असतं का गं?"

ट्रेनिंग हॉलमध्ये सरांनी हे विचारलं आणि सगळे हसले. मी उभी होते. उद्या किती वाजता येशील, एवढंच त्यांनी इंग्रजीतून विचारलं होतं. मी म्हणाले होते, "मे बी साडेसहा, सर." कंपनीची बस पिंपळे गुरवच्या चौकात कधी थांबते, कधी भरलेली असली की तशीच पुढे जाते. ते इंग्रजीत कसं सांगायचं मला येत नव्हतं.

सर थांबले नाहीत. "पाणी बहुतेक येईल. बस बहुतेक मिळेल. पप्पांचा पगार बहुतेक होईल. म्हणून तुम्ही लोक आहात तिथंच राहता."

तुम्ही लोक.

मी खाली बसले. कान तापले होते. वाईट याचं वाटलं, की सर आमच्या खोलीत कधी आले नव्हते आणि तरी खरं बोलले होते. आमच्याकडे पाणी बहुतेकच येतं. पप्पा कंत्राटावर टेम्पो चालवतात, त्यांचं कामही बहुतेकच असतं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. चार दिवस महाळुंग्याच्या कंपनीत काम, दोन दिवस वर्ग, असं करून पदवी मिळणार होती. तीही मला बहुतेकच वाटायची.

मग सरांनी फळ्यावर शब्द लिहिले. शुअर, सर्टन, पॉझिटिव्ह, डेफिनिट, बाउंड. शुअर रोजच्या बोलण्यात. सर्टन त्याहून वजनदार. डोळ्यांनी पाहिलं असेल तर पॉझिटिव्ह. उत्तर द्यायचं तर डेफिनिट. टळणारच नाही अशा गोष्टीला बाउंड टू हॅपन. "पॉसिबल, लाइकली हे शब्द आजपासून बंद," सर म्हणाले. "कस्टमरला शंका विकत नसतात."

मी ते शब्द पाठ केले. चपात्या लाटताना, बसमध्ये उभ्याने. आय ॲम सर्टन. इट इज डेफिनिट. अपमान झाला होता, म्हणून जास्तच जोरात केले. महिन्याभरात वर्गात माझ्याइतकं स्पष्ट कोणी बोलत नव्हतं. कँटीनमध्ये पोरं चिडवायची, "काय सर्टन मॅडम, आज पण बटाटाच का?" मी म्हणायचे, "पॉझिटिव्ह!" मला ते आवडायला लागलं होतं. खरं सांगते, सरही आवडायला लागले होते.

माझी नेमणूक पॉवर प्रेसवर होती. वरून साचा दणकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. हात आत असला तर प्रेस थांबवणारा सेन्सर समोर लावलेला असतो. मशीन सुनंदाताई चालवायच्या. महाळुंग्याच्याच. जिथं आता कारखाने आहेत तिथं त्यांच्या सासरची शेतं होती.

एका सकाळी प्रेस खाली आली तेव्हा त्यांचा हात आत होता. त्यांनी मागे ओढला. हातमोज्याचं टोक साच्याखाली राहिलं. बोट वाचलं.

सुनंदाताईंनी एकेक बोट हलवून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "थांबली न्हाई गं पोरी. हात दिसला तरी थांबली न्हाई."

मी सरांकडे धावले; आमची लाइनही तेच बघायचे. "सर, मला वाटतं सेन्सर बिघडलाय."

"वाटतं?" सर हसले. "परत बहुतेक? तू सर्टन आहेस का?"

मी सेन्सर उघडून पाहिला नव्हता. मला ते येतही नाही. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग अफवा पसरवू नकोस. उद्या कस्टमर येतायत."

प्रेस चालूच राहिली. दिवसभर दण, दण. प्रत्येक वेळी मी सुनंदाताईंचे दोन्ही हात बाहेर आहेत का ते बघायचे. दुपारी सरांनी मला बोलावलं. पाहुण्यांसमोर प्रेसची माहिती मी द्यायची होती. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. आय ॲम सर्टन धिस मशीन इज सेफ.

"सर, पण सेन्सर..."

"तुला कोणी तपासायला सांगितलंय? फक्त म्हणायचंय."

तेव्हा मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. धोका आहे म्हणायला आमच्याकडून खात्री मागतात. धोका नाही म्हणायला कोणाकडूनच मागत नाहीत. आमचं बहुतेक हे आमचं मागासलेपण नव्हतं. आम्हाला माहीत नसलेलं आम्ही माहीत आहे म्हणत नव्हतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पांढऱ्या हेल्मेटमधली तीन माणसं. मशीनला नवा पिवळा रंग मारला होता, त्याचा वास येत होता. सुनंदाताई बटणांवर हात ठेवून बसल्या होत्या. सरांनी मला मानेनं खूण केली.

मी प्रेससमोर जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "आय ॲम नॉट सर्टन. यस्टर्डे इट डिड नॉट स्टॉप फॉर हर हँड. ॲन ॲक्सिडेंट इज बाउंड टू हॅपन."

सर हसले. "न्यू गर्ल. नर्व्हस." पाहुणेही हसले. एकाने प्रेसकडे पुन्हा वळून पाहिलं, पण तोही बाकीच्यांबरोबर पुढं गेला.

संध्याकाळी सर म्हणाले, "उद्यापासून पॅकिंगला. तुझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळणं आता कठीण आहे, आणि त्याशिवाय पदवी नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता.

गेटवर सुनंदाताई भेटल्या. "तुजं नुकसान झालं पोरी. मला तर उद्या बी तिथंच बसायचं हाय."

त्या गेल्या. आत दुसरी पाळी सुरू झाली होती. त्याच प्रेसचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता आणि तिथं आता दुसऱ्या कोणाचे तरी हात होते.

मी उद्या पॅकिंगला जाणार नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्या प्रेससमोर उभी राहीन आणि सेन्सर तपासल्याशिवाय ती चालू करू देणार नाही. बाहेर काढलं तर गेटवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. तिथून सरकारी कारखाना निरीक्षकाकडे जाईन, माझ्या नावानं तक्रार देईन. सर्टिफिकेट जाईल. जाऊ दे. यांची खात्री पटवायला आम्ही आमची बोटं देणार नाही.